तेरा वर्षांच्या मुलीसाठी पहिली गिटार: दहा हजारांत काय घ्यावं, दुकानात काय तपासावं?

निशिगंध
नमस्कार मंडळी. लेकीसाठी पहिली गिटार घ्यायची आहे. वय १३, हाताचा पंजा लहानच. क्लास आठवड्यातून दोनदा. गिटार, पिशवी आणि बाकी सगळं धरून दहा हजारांच्या आत बसवायचं आहे.

नाशकातल्या दुकानांत तीन वेगवेगळे सल्ले मिळाले. एकाकडे ३८ इंची गिटार, सोबत पिशवी, पट्टा, पिकं (तारा छेडायच्या चकत्या) आणि जादा तारा, सगळं मिळून ४,५००. दुसरे म्हणाले, नऊ हजारांची नावाजलेल्या कंपनीचीच घ्या, बाकी सगळं खेळणं आहे. तिसऱ्यांचं म्हणणं, सेमी-अकूस्टिक घ्या, उद्या स्टेजवर उपयोगी पडेल.

गिटारमधलं मला काहीच कळत नाही, घरात पेटी वाजते एवढंच. दुकानात गेल्यावर नेमकं काय बघायचं ते कोणी सांगेल का?

कोमल_गंधार
ताई, आधी दोन गोष्टी सांगा. तिला गाणं म्हणत वाजवायचं आहे की नुसती गिटार वाजवायची आहे? आणि क्लासमध्ये नायलॉनच्या तारा वापरतात की स्टीलच्या? या दोन उत्तरांवर निम्मी निवड ठरते.

३८, ४०, ४१ इंची म्हणजे गिटारची डोक्यापासून बुडापर्यंतची एकूण लांबी. हाताला त्या आकड्याशी फारसं देणंघेणं नसतं. हाताला जाणवते ती तारेची बोलती लांबी (डोक्याकडच्या खाचांच्या पट्टीपासून, म्हणजे नटपासून, पोटावरच्या घोडीत बसवलेल्या पट्टीपर्यंत, म्हणजे सॅडलपर्यंत), मानेची रुंदी आणि तारेची पडद्यापासूनची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपासूनची, म्हणजे फ्रेटपासूनची) उंची.

सुतारपक्षी
कोमल_गंधार यांच्याशी सहमत. त्यातलीही शेवटची गोष्ट, तारेची उंची, सगळ्यात महत्त्वाची. तिला 'ॲक्शन' म्हणतात. नवी मुलं दोन-तीन महिन्यांत गिटार सोडतात तेव्हा बोटांना नावं ठेवली जातात, आणि दोष बहुतेक वेळा या ॲक्शनचा असतो. साडेचार हजारांची नीट जुळवलेली गिटार ही दुकानातून तशीच उचललेल्या नऊ हजारांच्या गिटारपेक्षा शिकायला सोपी जाते. म्हणून माझं पहिलं सांगणं: बजेटमधले हजार-बाराशे रुपये 'सेटअप'साठी (गिटारची ही मापं जुळवून घेण्यासाठी) बाजूला ठेवा आणि उरलेल्या पैशांत गिटार शोधा.

दुकानात जाताना स्टीलची १५ सेंमीची पट्टी न्या. शून्याची खूण अगदी टोकापासून सुरू होणारी आणि अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली हवी. प्लास्टिकची चालणार नाही, तिच्यात शून्याआधी मोकळी जागा असते. गिटार आधी ट्यूनरवर (स्वर दाखवणाऱ्या यंत्रावर) स्वरात लावून घ्या. सैल तारांवर घेतलेल्या मापाला अर्थ नाही.

मग हे बघा. बाराव्या फ्रेटच्या धातूच्या माथ्यावर पट्टी उभी टेकवा आणि तारेची खालची कड कुठे येते ते वाचा. स्टीलच्या तारांना जाड तारेखाली २ ते २.५ मिमी आणि सगळ्यात बारीक तारेखाली १.५ ते २ मिमी असेल तर उत्तम. ३ च्या वर गेलं तर लहान बोटांना त्रास ठरलेला. नायलॉनला तार जास्त हेलकावते म्हणून ३.५ ते ४ आणि ३ च्या आसपास चालतं.

दुसरी तपासणी नटची, आणि ही दुकानात कोणीच करत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तार नि धातू यांच्यात किती फट राहते ते बघा. केसाएवढी फट हवी. तिथे अर्धा-पाऊण मिमी दिसत असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत. अशा गिटारवर एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर) भल्याभल्यांना लागत नाही, आणि साधे सी, ई दाबले तरी स्वर किंचित चढा येतो. अजून एक झटपट परीक्षा आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारी पक्कड) लावा आणि एफचाच आकार एक घर (दोन फ्रेटमधली जागा) पुढे दाबा. तो एकदम सोपा झाला तर दोष बोटांचा नाही, नटचा आहे.

तिसरं, मान. पहिल्या फ्रेटवर कॅपो, जाड तार चौदाव्या फ्रेटला दाबलेली, आणि सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी फट बघायची. साधारण ०.१ ते ०.२५ मिमी. ए-फोर कागद सुमारे ०.१ मिमीचा असतो, म्हणजे दोन कागद जेमतेम सरकावेत. फट अजिबात नसेल तर मान मागे झुकली आहे, खूप असेल तर पुढे आली आहे. मानेत ट्रस रॉड (मानेचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) आहे का हे विचारा. स्वस्त ३८ इंची गिटारमध्ये तो अनेकदा नसतो किंवा असून फिरत नाही. मग मान वाकली की काहीच करता येत नाही.

चौथं, बाराव्या फ्रेटवर तारेला हलकेच स्पर्श करून हार्मोनिक काढा, मग तिथेच दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्हींत पाच सेंटपर्यंत (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक असेल तर ठीक. पंधरा-वीस असेल तर घोडी चुकीच्या जागी चिकटवली आहे, गिटार खाली ठेवा.

आणि शेवटी घोडीच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा. कागद आत गेला तर घोडी सुटायला लागली आहे.

शेवगा
वाचनखूण साठवली आहे. यात एकच भर. प्रत्येक तार प्रत्येक घरात एकदा वाजवून बघा. सहा तारा, पहिली बारा घरं, बहात्तर स्वर, पाच मिनिटांचं काम. कुठे झर्र आवाज आला तर पुढचा फ्रेट उंच राहिला आहे. मानेच्या कडेवरून तळहात फिरवा, फ्रेटची टोकं बोचायला नकोत.

खर्ज
शेवगा, अगदी बरोबर. तंबोऱ्याला जी जवार आपण सूत सरकवून मुद्दाम आणतो, तीच गिटारमध्ये दोष ठरते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि तार तिच्या उतारावर घासत बोलते. गिटारच्या सॅडलचा माथा अरुंद असतो, तार तिथून स्वच्छ सुटायला हवी. त्यामुळे पेटी-तंबोऱ्यात वाढलेल्या कानाला ही झर्र सुरुवातीला खटकत नाही. मुद्दाम लक्ष देऊन ऐका.

मांडवी
मी नायलॉनच्या बाजूने बोलते. तेरा वर्षांच्या मुलीला क्लासिकल गिटार द्या. स्टीलच्या १२ च्या संचाचा (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच जाड) सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोंच्या पुढे जातो, नायलॉनचा चाळिसाच्या आसपास. बोटांची टोकं सोलवटत नाहीत, मूल अर्धा तास बसतं. गोव्यात लहान मुलांना बहुतेक नायलॉनवरच बसवतात. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या क्लासिकल गिटार परीक्षा द्यायच्या असतील तर नायलॉन लागतेच.

पंजा फारच लहान असेल तर तीन-चतुर्थांश आकार मिळतो. यामाहाची सीजीएस१०३ए घ्या, तिची बोलती लांबी ५८० मिमी आहे, मोठीची ६५०.

एक मात्र कोणीही विसरू नका: नायलॉनच्या गिटारला स्टीलच्या तारा कधीही लावायच्या नाहीत. तिची घोडी आणि आतल्या पट्ट्या त्या ताणासाठी केलेल्याच नसतात. काही आठवड्यांत घोडी उपटून येते किंवा वरची फळी फुगते.

तारसप्तक
मांडवीताई, ताणाचं पटतं, पण मानेचं काय? क्लासिकलची मान नटपाशी ५२ मिमी, स्टीलवालीची ४३. लहान पंजाला नऊ मिलिमीटर म्हणजे खूप झाले. वरून क्लासिकलचा फिंगरबोर्ड (मानेवरची बोटं दाबायची फळी) सपाट. अंगठा मानेच्या मधोमध मागे ठेवून बसायची शिस्त लागते, ती शिकवणारे गुरुजी असतील तर ठीक. गाणं म्हणत कॉर्ड वाजवणाऱ्या मुलीला ते अवघड जातं.

माझ्या मते लहान अंगाची स्टीलची गिटार घ्यावी. दुकानात समोर टांगलेल्या असतात त्या बहुतेक ड्रेडनॉट, पोट रुंद आणि खोल. उजवा हात तिच्यावरून टाकताना लहान मुलांचा खांदा वर उचलला जातो, वीस मिनिटांत मान दुखते. 'कॉन्सर्ट' आकार मागा. यामाहाच्या एफएस मालिकेत तो मिळतो, नट ४३ मिमी, बोलती लांबी ६३४. त्यावर १० ते ४७ च्या एक्स्ट्रा लाइट तारा चढवा. एकूण ताण साठ किलोंच्या आसपास येतो, म्हणजे नायलॉन नि १२ च्या संचाच्या मधला.

तेही जड वाटलं तर सगळ्या तारा अर्धा स्वर खाली लावा आणि पहिल्या घरात कॅपो ठेवा. स्वर तोच, ताण दहा टक्क्यांहून जास्त कमी, आणि नट उंच असेल तर तोही प्रश्न मिटला.

मांडवी
अर्ध्या स्वराची युक्ती चांगली आहे, मान्य. रुंद मानेबद्दल एवढंच म्हणेन की जवळजवळच्या तारांमध्ये बोट शेजारच्या तारेला लागून स्वर मरतो, रुंद मानेवर ते कमी होतं. तिला दोन्ही दहा-दहा मिनिटं हातात घेऊन बघू दे. हात कुठे सैल राहतो ते तिला लगेच कळेल.

रोहित्र
इलेक्ट्रिकचा कोणी विचारच केला नाही. तारा ९ ते ४२, ॲक्शन १.५ ते २ मिमी, मान बारीक. बोटांना सगळ्यात सोपी तीच. शिकायला आधी अकूस्टिकच हवी असा नियम नाही. ज्याला पुढे इलेक्ट्रिकच वाजवायची आहे त्याने पहिल्या दिवसापासून ती घ्यावी.

अडचण बजेटची. गिटार, लहान अँप आणि केबल मिळून दहा हजारांत धड बसत नाही. गिटारच तीन-साडेतीन किलोंची असते, तेही बघायला हवं. अँप घ्याल तेव्हा हेडफोनची सोय असलेला घ्या आणि भिंतीतल्या तीन पिनच्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. जुन्या इमारतींत तिसरं भोक असतं, मागे तार नसते. मग अँप गुणगुणतो आणि तारांना हात लावला की मुंग्या येतात. तारांना हात लावल्यावर गुणगुण किंचित कमी होणं ठीक, झिणझिण्या आल्या तर तत्काळ बंद करा. गिटार थेट होम थिएटरला जोडू नका, त्या इनपुटला गिटारचा आवाज बारीक आणि मेलेला येतो.

आणि निशिगंध, त्या 'सेमी-अकूस्टिक'चं: आपल्याकडे दुकानदार पिकअप (तारांचा आवाज अँपकडे नेणारा भाग) लावलेल्या साध्या अकूस्टिकला सेमी-अकूस्टिक म्हणतात. खरं नाव इलेक्ट्रो-अकूस्टिक. सेमी म्हणजे पातळ पोकळ अंगाची इलेक्ट्रिक, ती वेगळीच वस्तू. दहा हजारांच्या आतल्या गिटारमध्ये पिकअप नि बॅटरीचा डबा घातला की तेवढे पैसे लाकूड आणि खुंट्यांमधून कापले जातात. पहिल्या वर्षी त्याचा उपयोग नाही. पुढे स्टेजची वेळ आलीच तर पिकअप नंतर बसवता येतो.

निशिगंध
सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. उत्तरं देते: तिला गाणं म्हणत वाजवायचं आहे. भावगीतं आणि सिनेमातली गाणी, दोन्ही. क्लासमध्ये स्टीलच्या तारा आहेत. ती काळी चारमध्ये गाते. क्लासमध्ये मात्र सी आणि जी असंच सांगतात, आमच्या पेटीशी त्याचा मेळ कसा घालायचा?

खर्ज
हा प्रश्न आवडला. पेटीवर पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन डी, अशी पांढरी सातपर्यंत बी. काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. या काळ्या पट्ट्यांचे कॉर्ड उघड्या तारांवर येत नाहीत, म्हणून कॅपो हवा. तीनशे-चारशे रुपयांची स्प्रिंगवाली पक्कड. गाणाऱ्याला गिटारपाठोपाठची सगळ्यात गरजेची वस्तू हीच.

तिची काळी चार: पहिल्या घरात कॅपो आणि जी, सी, डी, ई मायनर हे नेहमीचे आकार. सूर बरोबर काळी चारचा. कोमल गंधाराचं गाणं असेल तर चौथ्या घरात कॅपो आणि ई मायनरचा आकार. काळी पाचला तिसऱ्या घरात कॅपो आणि जी, किंवा पहिल्या घरात कॅपो आणि ए. काळी एकला पहिल्या घरात कॅपो आणि सी. काळी दोनला पहिल्या घरात डी किंवा तिसऱ्यात सी. काळी तीनला दुसऱ्या घरात ई. पांढरी चारला तिसऱ्या घरात डी. पांढरी पाचला कॅपोच नको, सरळ जी.

कॅपो फ्रेटच्या अगदी मागे लावायचा, घराच्या मधोमध नाही. मधे लावला की तारा ओढल्या जाऊन स्वर चढतो.

पेटीशी मेळ घालण्याचा खरा पेच दुसराच. जुन्या पेट्या ४४० वर (ए स्वराची प्रमाण वारंवारता ४४० हर्ट्झ) असतीलच असं नाही. पेटीची मधली पांढरी सहा दाबा आणि ट्यूनर बघा. आठ सेंट चढी दिसली तर पेटी ४४२ च्या आसपास आहे. ट्यूनरमध्ये ए ची वारंवारता बदलता येते, तिथे ४४२ करा आणि मग गिटार लावा. पेटी हलवता येत नाही, गिटार येते.

कोमल_गंधार
खर्ज यांच्या प्रतिसादाला जोडून एक. तंबोऱ्यावर गळा तयार झालेल्या मुलांची हमखास तक्रार असते की गिटार लावली तरी जी कॉर्डमध्ये काहीतरी चढं वाटतं. त्यांचा कान खरं बोलतो. फ्रेट समान बारा भागांत बसवलेले असतात, त्यात सा पासून शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधार ३८६ वर. चौदा सेंटचा फरक कुणालाही जाणवेल.

तार उतरवून हे सुटत नाही. जी कॉर्डसाठी बी तार उतरवली की ई कॉर्डचा पंचम पडतो. उपाय म्हणजे गंधार वगळायचा. जीच्या आकारात सहावी तार तिसऱ्या घरात, पाचवी तार मधल्या बोटाने मारून ठेवायची, चौथी-तिसरी उघडी, दुसरी नि पहिली तिसऱ्या घरात. आता फक्त सा आणि प वाजतात. भावगीताच्या मुखड्याखाली हे इतकं स्थिर बसतं की तंबोरा लावल्यासारखं वाटतं, आणि गंधार गळ्यासाठी मोकळा राहतो.

डोंगरवाट
अवांतर: आमच्याकडे जुने लोक साध्या गिटारला 'स्पॅनिश गिटार' का म्हणतात?

खर्ज
अवांतर आहे पण छान आहे. कारण आपल्याकडे 'हवाईयन' गिटारही घराघरांत होती. मांडीवर आडवी ठेवायची, तारा उंच, फ्रेटवर दाबायचं नाहीच, धातूची कांडी तारांवरून सरकवायची. मींड सरळ निघते म्हणून आपल्या संगीताला ती मानवली. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर रागसंगीत मांडलं, पुढे पंडित विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आली. ती वेगळी ओळखता यावी म्हणून उभी धरून वाजवायची ती स्पॅनिश. जुन्या बाजारात गिटार बघाल तेव्हा सांभाळा. कधी कधी हवाईयनसाठी नट उंच करून घेतलेली साधी गिटार विकायला असते, तारा पाच-सहा मिमी वर. नट बदलल्याशिवाय ती वाजवता येणार नाही.

पाणपोई
जुनी घेण्याबद्दल: घ्यावी, पण घोडीमागची फळी बघून. घोडीच्या मागे आडवी पट्टी धरा. थोडा फुगवटा चालतो, पण दोन्ही कडांना पट्टी तीन-चार मिमी अधांतरी राहत असेल तर सोडा. मान जिथे अंगाला जोडली आहे तिथे रंगाला चीर आहे का बघा. आणि डोकं मानेला जिथे मिळतं त्या मागच्या कोनात. गिटार पडली की तिथेच मोडते आणि चिकटवून, रंग मारून विकली जाते. सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवलेला जोड उन्हाळ्यात ताणाखाली हळूहळू सरकतो.

पाचूचे_बेट
न्यू जर्सीहून वाचते आहे. इकडे उलटा त्रास. हिवाळ्यात हीटर लागला की खोलीतली आर्द्रता २० टक्क्यांवर येते, फळी आकसते, फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोचतात आणि वरच्या फळीला चीर जाते. गिटारला ४५ ते ५५ टक्के मानवतात. भोकात ठेवायचा ओल्या स्पंजचा डबा मिळतो, तो वापरावा लागतो. महाराष्ट्रात पावसाळ्यात काय करता?

सुतारपक्षी
पावसाळ्यात फळी पाणी पिते, पोट फुगतं, घोडी वर उचलली जाते आणि ॲक्शन अर्धा मिमी सहज वाढते. कोकणात नि मुंबईत हे जास्त, नाशिक-पुण्यात कमी. जून ते सप्टेंबर गिटार भिंतीला टांगू नका. बाहेरची भिंत ओल धरते. पिशवीत ठेवा, सिलिका जेलची ५० ग्रॅमची दोन पाकिटं सोबत. रंग बदलणारे दाणे घ्या, रंग पालटला की कढईत मंद आचेवर कोरडे करून घेता येतात. (ती कढई मग खाण्यासाठी वापरू नका.) एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक दोन-तीनशेला येतो, पिशवीत टाकून द्या.

या बाबतीत स्वस्त प्लायची गिटार जास्त सोशिक असते. सॉलिड टॉप म्हणजे वरची फळी अखंड लाकडाची, तिचा आवाज मोकळा येतो आणि वर्षागणिक खुलतो, पण ती हवामानाला लवकर हलते. पहिल्या गिटारला प्लाय पुरेशी आहे.

ऋतू कोणताही असो, उन्हातल्या गाडीत गिटार ठेवायची नाही. घोडीखालचा गोंद मऊ होतो आणि तारा तिला ओढून काढतात.

तारसप्तक
आता दहा हजारांची मांडणी. गिटार साडेसात ते आठ. सेटअप आणि १० च्या तारांचा संच मिळून बाराशे-पंधराशे. कॅपो साडेतीनशे. ट्यूनर फोनवर फुकट मिळतो, पण क्लासच्या गोंगाटात फोनचा माइक चुकतो, गिटारच्या डोक्याला चिमट्याने लावायचा तीनशे-साडेतीनशेचा घ्या. तो लाकडाची थरथर मोजतो, बाहेरचा आवाज त्याला लागत नाही. पिकं दोन-तीन, ०.४६ ते ०.६० मिमीची पातळ. स्ट्रमिंगला तीच बरी, एक-एक तार छेडायला लागली की ०.७३.

संचातल्या फुकट पिशवीत बहुधा फक्त कापड असतं. दहा मिमी फोम असलेली हवी. नाशकात बस-रिक्षातून क्लासला न्यायची असेल तर यात काटकसर नको, पट्टा नि स्टँड पुढच्या महिन्यात घ्या. बजेट थोडं वर गेलं तर पिशवीपायीच जाऊ दे.

संचातल्या त्या जादा तारा मात्र वापरू नका. गंजलेल्या निघतात, आणि कोणत्या जाडीच्या आहेत हे पाकिटावर लिहिलेलंही नसतं.

डोंगरवाट
ऑनलाइन घेतली तर हजार-दीड हजार वाचतात असं दिसतंय?

शेवगा
वाचतात. पण बहात्तर स्वर वाजवून बघता येत नाहीत, आणि परत पाठवताना खोका तुम्हालाच बांधावा लागतो. ऑनलाइनच घ्यायची असेल तर पहिल्या दिवशीच पट्टी लावून मापं घ्या, परत करायची मुदत संपायच्या आत.

निशिगंध
आज पट्टी घेऊन गेले. दुकानदार काकांनी शांतपणे सगळं मोजू दिलं. ३८ इंचीत ट्रस रॉड नव्हता आणि बारावी फ्रेट नि हार्मोनिकमध्ये अठरा सेंटचा फरक, म्हणून सोडली. कॉन्सर्ट आकाराची मिळाली, आठ हजारांत. मापं अशी: बाराव्या फ्रेटवर जाड तार ३.२, बारीक २.४. मानेत दोन कागद बसतात. पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट. बहात्तर स्वर स्वच्छ. सॅडल घोडीच्या वर साधारण ४.५ मिमी दिसतं. काका म्हणाले उंची कमी करून देतो, पण नेमकं किती हे सांगा.

सुतारपक्षी
छान गिटार निवडलीत. मान आणि नट ठीक आहेत, म्हणजे काम फक्त सॅडलचं. (क्रम हाच ठेवायचा: आधी मान, मग नट, सगळ्यात शेवटी सॅडल. उलटा केला तर एकच काम दोनदा करावं लागतं.)

बाराव्या फ्रेटवर जेवढं कमी हवं त्याच्या दुप्पट सॅडलमधून काढायचं, कारण बारावी फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर आहे. जाड बाजूला ३.२ वरून २.४ हवं, म्हणजे ०.८ कमी, सॅडलमधून १.६ मिमी. बारीक बाजूला २.४ वरून १.८, म्हणजे १.२ मिमी. सॅडल वर जवळपास तीन मिमी उरतं, ते पुरेसं आहे. दोनच्या खाली जायचं नाही, तारेचा घोडीवरचा कोन कमी होऊन आवाज दबतो.

काकांना सांगा, माथ्याला हात लावू नका, खालच्या बाजूने घासा. सॅडलवर दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून रेघ ओढायची, काचेच्या तुकड्यावर १८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवायचा आणि सॅडल उभं धरून घासायचं. रेघेच्या थोडं आधी थांबून ४०० वर साफ करायचं. बूड सपाट राहिलं पाहिजे, फुगीर झालं तर आवाज घोडीत उतरत नाही. एकदम सगळं काढू नका. जाड बाजूला एक मिमी, बारीकला पाऊण, मग परत बसवून मोजायचं.

आणि १० च्या तारा आधी चढवा, मग सॅडल घासा. ताण कमी झाला की मान थोडी मागे जाते आणि ॲक्शन आपोआप थोडी उतरते. आधी घासलं तर नंतर झर्र यायला लागेल.

तारसप्तक
तारा चढवताना: तारेचं गोल बूड (गोळी) घोडीच्या भोकात घातलं की घोडीवरची खुंटी दाबत तार वर ओढा, गोळी खुंटीच्या कडेला सरकून फळीला अडकल्याचं जाणवतं. नाहीतर गोळी खुंटीच्या टोकावर बसते आणि ताण आला की खुंटी उडते. डोक्याकडच्या खुंटीवर दोन-तीन वेढे, जास्त नकोत. नटच्या खाचेत मऊ पेन्सिल फिरवा, तार अडकून टकटक करत नाही.

मांडवी
निशिगंध, अभिनंदन. नायलॉन हरलं, पण मुलगी वाजवणार याचा आनंद आहे. पहिले दोन-तीन आठवडे बोटं दुखतील. पंधरा मिनिटं सकाळी, पंधरा संध्याकाळी, सलग तासभर नको. पाण्यात भिजलेल्या बोटांनी वाजवू नये, कातडी लगेच सोलते. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या, वरून आणि खालूनही.

निशिगंध
लिहून घेतलं सगळं. शेवटचं एक. सॅडल घासल्यावर काकांनी मान हलवायची गरज पडली तर?

सुतारपक्षी
बहुधा पडेल, थोडीशी, पण ते सॅडल घासायच्या आधीच करून घ्यायचं. तारा चढवून एक दिवस तशीच ठेवा, लाकूड नव्या ताणाला बसू द्या. मग ते दोन कागद परत लावा. कागद शिरेनासे झाले तर ॲलन कीने (षटकोनी चावीने) ट्रस रॉड डावीकडे, म्हणजे सैल करायचा. पाव फेरा, त्याहून जास्त नाही. परत स्वरात लावा, काही तासांनी परत मोजा. चावी जड लागली तर जोर लावू नका, तिथेच थांबा. मापं इथे टाका, बघून सांगतो.